उन्हाचे उपकार

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात धम्मप्रवचनासाठी गेलो होतो. ज्या घरी उतरलो त्या घराने दीड-दोन वर्षांपूर्वीच धम्मदीक्षा घेतलेली. देव्हारा निघालेला, त्या जागी भगवान बुद्धांची लहानशी मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. मुलगा शिकलेला, उत्साही, बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत. पहाटे थंडी अशी की रांजणातल्या पाण्याला हात लावावासा वाटेना. ऊन वर आले तशी घरातली म्हातारी आई ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. तिने उन्हाकडे तोंड केले, डोळे मिटले आणि हात जोडले. मुलाने ते पाहिले. माझ्यादेखत त्याला ओशाळल्यासारखे झाले असावे. तो म्हणाला, "आई, किती वेळा सांगायचं? आता आपण सूर्याच्या पाया पडत नसतो."

म्हातारीने हात खाली घेतले. ती रागावली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "गुरुजी, देव सोडले. पोरगा म्हणतो ते खरं हाय, सोडायलाच पायजे व्हते. पण रातभर हाडं गारठत्यात, आन् हे ऊन अंगावर आलं की बरं वाटतं. बरं वाटलं की हात आपोआप जुळत्यात. आता ह्या हातांचं काय करू?"

मी म्हणालो, "मावशी, जुनी सवय आहे. हळूहळू सुटेल." प्रवचनाची वेळ झाली होती, मी उठलो.

परतीच्या एस.टी.त मात्र ते उत्तर मलाच बोचू लागले. म्हातारीने मला सवयीविषयी विचारलेच नव्हते. तिचा प्रश्न असा होता: देव नाही हे कळले, देवाचे देणेघेणे संपले; पण हिवाळ्यात सकाळी अंगावर ऊन आले की मन भरून येते, ते तर संपलेले नाही. मग हे भरून आलेले मन कोणापाशी रिते करायचे? नव्याने धम्मात आलेल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न आहे. तो कोणी मोठ्याने विचारत नाही, कारण विचारणारा 'अजून सुटला नाही' असे लोक म्हणतील अशी भीती असते. म्हणून ह्या लेखात त्याचा थोडा विचार करू.

आधी मुलाची बाजू घेतो, कारण ती खरी आहे. आपल्या हातांचा इतिहास साधा नाही. हे हात पिढ्यानपिढ्या जोडलेलेच होते. पाटलाच्या वाड्यासमोर जोहार घालताना जोडलेले, देवळाच्या पायरीखालून जोडलेले, भाकरीच्या तुकड्यासाठी जोडलेले. 'उपकार' हा शब्द गावाने आमच्या कानांवर इतक्या वेळा घातला आहे की त्या शब्दाचीच किळस यावी. वर्षभर राबवून घ्यायचे, आणि सुगीला खळ्यावर मूठभर दाणे पदरात टाकताना 'तुमच्यावर उपकार आहेत' हे ऐकवायचे. ज्या दाण्यावर घाम आमचा, त्याच दाण्याचे उपकार आमच्यावर! म्हणून एखादा तरुण बौद्ध जेव्हा म्हणतो की आता कोणापुढे हात जोडायचे नाहीत, तेव्हा त्याला उर्मट समजू नये. त्या नकारामागे फार मोठे दुःख आहे.

उन्हाचीच गोष्ट घ्या. 'ऊन काही जात पाहत नाही' असे गोड वाक्य आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकतो. ऊन पाहत नाही हे खरे. पण माणसांनी उन्हालाही जात शिकवली होती. डॉ. घुर्ये ह्यांनी जातीवरील आपल्या ग्रंथात नोंद दिली आहे की पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत दुपारी तीननंतर आणि सकाळी नवाच्या आधी महार-मांगांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर त्या वेळी सावल्या लांब पडतात, आणि ती लांब सावली एखाद्या ब्राह्मणाच्या अंगावर पडून त्याला विटाळ होईल! आता हिवाळ्यात सावली किती लांब असते ते पाहा. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात भर दुपारी बारालासुद्धा साडेपाच फुटी माणसाची सावली पाच फुटांच्या आसपास पडते. सकाळी तर ती माणसाच्या कितीतरी पट लांब. म्हणजे जे कोवळे ऊन अंगावर घ्यावे असे प्रत्येक जिवाला वाटते, नेमक्या त्याच उन्हात त्या शहरात उभे राहणे हा आमच्या पूर्वजांचा गुन्हा होता. ऊन निसर्गाचे, पण सावलीवर पहारा माणसाचा.

हे सगळे ठाऊक असताना मी कृतज्ञतेविषयी लिहितो आहे. तेव्हा निसर्गाचे गोडवे गाऊन वाचकाला गुंगवावे असा माझा हेतू असणार नाही, हे वाचकांनी जाणावे.

माझ्या लहानपणी वडिलांबरोबर मी जागलीला जात असे. माघातली रात्र, हुरड्यात आलेली ज्वारी, आणि दोघांत एक घोंगडी. पहाटेच्या सुमारास काकडा असा भरे की दात वाजत. दुसऱ्या दिवशी मालकाचे पाहुणे हुरडा खायला येत. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, कणसे भाजायची आणि गरम कणसे तळहातावर चोळून दाणे काढून द्यायचे हे काम आमचे. हात पोळत. पाहुणे म्हणत, काय गोड हुरडा आहे! शेताची स्तुती होई, उन्हाची होई, मालकाच्या हाताला यश आहे म्हणून मालकाचीही होई. चोळणाऱ्या हाताची कोणी केली नाही. तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी खोटे लिहिले असे होईल. त्या जागलीच्या रात्री संपून पूर्वेला उजाडले, की बांधावर उभे राहून वडील आणि मी उन्हाची वाट पाहत असू. पहिले ऊन पाठीवर पडे तेव्हा वडील काही बोलत नसत. नुसते 'हं' म्हणत. त्या 'हं'मध्ये जे होते ते जोहारात कधीच नव्हते. जोहार घालताना वडिलांची मान खाली असे. उन्हात उभे राहताना ती ताठ असे.

हा जो फरक आहे त्याला मी मिंधेपणा आणि कृतज्ञता ह्यांतला फरक म्हणतो. मिंधा माणूस देणाऱ्याचे तोंड पाहतो. आपल्याला काय मिळाले ह्यापेक्षा देणारा खूश आहे की नाही ह्याची त्याला काळजी असते. देव-देवस्कीतले सगळे नाते ह्याच जातीचे आहे. नवस बोलायचा, तो फेडायचा, फेडला नाही तर कोप होईल म्हणून घाबरायचे. सूर्याला अर्घ्य देणाऱ्याच्या मनातही बहुधा आरोग्य, संतती, धनधान्य असे काही मागणे असतेच. ह्या व्यवहारात आभार हे लाच देण्याचे दुसरे नाव होऊन बसते.

सूर्य तर लाच घेत नाही आणि कोपतही नाही. तो आपल्यासाठी उगवत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून तो उगवलेला दिसतो. वाचकांपैकी काहींना हे ऐकून नवल वाटेल, पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, ऐन थंडीत, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. थंडी पडते ती सूर्य दूर गेला म्हणून नव्हे; आपल्या बाजूला किरण तिरपे पडतात आणि दिवस लहान असतो म्हणून. रात्री आकाश निरभ्र असले की जमिनीची ऊब वर निघून जाते, आणि म्हणून पहाट गारठते. म्हणजे ज्या स्वच्छ आकाशातून सकाळी ऊन येते त्याच स्वच्छ आकाशाने रात्री आपली ऊब नेलेली असते! मग आभार कशाचे मानायचे आणि तक्रार कोणाकडे करायची? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात जी गारपीट झाली ती पुष्कळांना आठवत असेल. उभी ज्वारी आडवी झाली, हरभरा झोडपून निघाला, पाखरे आणि जनावरे मेली. त्याच आकाशातून ते आले होते. आकाश आपला दाता नाही आणि वैरीही नाही.

येथे कोणी म्हणेल, झाले तर मग! ज्याला हेतू नाही त्याचे आभार कसले? दगडाला कोणी धन्यवाद देते काय?

हा प्रश्न वजनदार आहे. त्याचे उत्तर मला पुस्तकात सापडण्याआधी दादरला सापडले.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी, ७ डिसेंबरला, दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले आणि त्याच ठिकाणी भदंत आनंद कौसल्यायन ह्यांनी शोकाकुल जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. तेव्हापासून दर हिवाळ्यात लाखो माणसे तेथे येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून येतात, शिवाजी पार्कच्या मैदानावर उघड्यावर निजतात, रांगेत तासन् तास उभी राहतात. त्या रांगेत मी अनेकदा उभा राहिलो आहे. एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. तेथे कोणी काही मागत नाही. नोकरी लागू दे, मूल होऊ दे, असे कोणाच्या तोंडी येत नाही; कारण ज्यांच्यासाठी आपण आलो ते आता काही देऊ शकणार नाहीत हे अडाणी म्हातारीलाही ठाऊक असते. ते ऐकत नाहीत, पाहत नाहीत, प्रसन्न होत नाहीत. तरी माणूस चारशे कोस जातो, मान लववतो, आणि येताना पुस्तके घेऊन परततो. ह्यालाच आपण कृतज्ञता म्हणतो ना? आभार मानायला ऐकणारा कोणी लागतोच असे नाही, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. वर्षातून एकदा आपण ते थंडीत उभे राहून करतोच.

बाबासाहेबांनी जे केले ते हेतूपूर्वक केले, आयुष्य झिजवून केले. उन्हाचे तसे नाही. ही तुलना मी त्या अर्थाने करीत नाही. सांगायचे एवढेच की कृतज्ञता ही देणाऱ्याच्या कानात पडण्यासाठी नसते. पाली भाषेतला शब्दच पाहा: कतञ्ञू. 'कत' म्हणजे केलेले, घडलेले. 'ञ्ञू' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे घडून आले आहे ते जाणतो तो कतञ्ञू. सगळा भर जाणण्यावर आहे. हात जोडणे, फूल वाहणे, दिवा लावणे हे त्या शब्दात कोठेच नाही. मंगलसुत्तात जी मंगले सांगितली आहेत त्यांत कृतज्ञता आहे, तिच्याजवळच संतोष आहे. दर रविवारी विहारात आपण ते सुत्त म्हणतो. अर्थाकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

आणि बौद्ध परंपरेने हे एका झाडाच्या गोष्टीतून सांगितले आहे. संबोधी प्राप्त झाल्यावर तथागतांनी एक सप्ताह बोधिवृक्षाकडे पापणी न लववता पाहत घालविला, असे सांगतात. बुद्धगयेला त्या जागी अनिमेषलोचन चैत्य आहे. ह्या कथेतून चमत्काराचा भाग काढून टाका. सात दिवसांचा सात घटका करा, हवे तर. शिल्लक काय राहते? एक माणूस एका झाडापुढे उभा आहे आणि पाहतो आहे. त्या झाडाने त्याला सावली दिली, पण ज्ञान दिले नाही. ज्ञान त्याने स्वतःच्या प्रयत्नाने मिळविले. झाडाला तो कोण हेही माहीत नाही. तरी तो पाठ फिरवून निघून जात नाही. थांबतो, पाहतो. त्याने झाडापाशी काही मागितले नाही. नुसते पाहिले.

हे पाहणे शिकायला हिवाळ्यासारखे दिवस नाहीत, असे मला वाटते. उन्हाळ्यात मराठवाड्यात माणूस सावली शोधत पळतो, पावसाळ्यात छपराची काळजी. हिवाळ्यात थोडे थांबता येते. ज्यांच्या घरी शेताचा तुकडा आहे, किंवा जे दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात, त्यांनी रब्बीची ज्वारी एकदा नीट पाहावी. ऑक्टोबरनंतर ह्या भागात पाऊस जवळजवळ नाहीच. तरी बिनपाण्याची ज्वारी पुरुषभर वाढते. कशावर? काळ्या मातीत चिकणमातीचा अंश मोठा असतो, ती पावसाळ्यातले पाणी फुगून धरून ठेवते, आणि ज्वारीची मुळे खोल खोल जाऊन ते पाणी शोधतात. म्हणजे पौषात ज्वारी पिते आहे ते भाद्रपदातले पाणी! हरभऱ्याच्या शेतातून पहाटे चालून आलात तर पायांना आंबूस ओल लागते. त्याच्या पानांवर बारीक केस असतात, त्यांतून आम्ल पाझरते, ते दवात मिसळते. जुन्या बायका रात्री शेतावर स्वच्छ फडके पसरून सकाळी ते पिळून आंब काढीत आणि पोटदुखीवर ठेवीत. आमच्या आईजवळ अशी एक बाटली नेहमी असे. डॉक्टर कोसावर आणि खिशात पैसा नाही, तेव्हा तीच बाटली.

ओढ्याच्या काठी ह्या दिवसांत एक करडे-पांढरे पाखरू शेपटी सारखी खालीवर हलवीत फिरताना दिसते. ते येथले नव्हे. हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून ते थंडी टाळायला आपल्याकडे येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जाते. आपल्याला जी थंडी सोसवत नाही ती त्याला ऊब वाटते. लोक त्याला धोबी म्हणतात, कोणी परीट म्हणतात; पाण्याकाठी शेपूट आपटते म्हणून. पाहा, हजारो मैलांवरून आलेल्या पाखरालाही आपण पोचल्याबरोबर जात चिकटवली!

आता संतोषाविषयी बोलले पाहिजे, कारण येथे घसरायला जागा आहे. अंगुत्तरनिकायात एक प्रसंग आहे. आळवी येथे शिसवीच्या वनात भगवान बुद्ध पानांच्या अंथरुणावर बसलेले आहेत. दिवस कडक थंडीचे, दहिवर पडण्याचे. हत्थक नावाचा राजकुमार फिरत येतो आणि विचारतो, भगवंतांना झोप नीट लागली ना? बुद्ध होय म्हणतात. राजकुमाराला पटत नाही. जमीन गुरांच्या खुरांनी तुडवून टणक झालेली, पानांचा थर पातळ, झाडांवर पाने विरळ, अंगावर पातळ चीवर, आणि वारा बोचरा; अशात झोप कशी लागेल? त्यावर बुद्ध त्यालाच उलट विचारतात, की बंद दारांच्या उबदार घरात मऊ बिछान्यावर निजलेल्या श्रीमंताच्या मनात राग, द्वेष आणि मोह ह्यांची आग पेटलेली असेल, तर त्याला सुखाची झोप लागेल काय?

हा प्रसंग मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच त्याची भीतीही वाटते. उद्या एखादा शहाणा हाच प्रसंग घेऊन पालात राहणाऱ्या माणसाला सांगेल, बाबा रे, बुद्ध पानांवर झोपले, तूही झोप. थंडीची तक्रार कसली करतोस? तसे कोणी सांगितले तर त्याला विचारा, की बुद्धांनी तो पालापाचोळा स्वतः निवडला होता, ह्या माणसाने निवडला आहे का? माझ्या वडिलांनी ती एक घोंगडी निवडली होती का? बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात हे अगदी स्पष्ट केले आहे. संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे, आणि दारिद्र्याला बुद्धांनी कधीही धन्य म्हटलेले नाही.

खुद्द बुद्धांची थंडीकडे पाहण्याची रीत कशी होती ते विनयपिटकात आहे. भिक्षूंनी किती वस्त्रे बाळगावीत हा प्रश्न वैशालीला आला. तेव्हा हिवाळ्यातल्या कडक रात्री ते स्वतः उघड्यावर एक वस्त्र पांघरून बसले. रात्रीचा पहिला प्रहर गेला, थंडी वाजू लागली, दुसरे घेतले. आणखी रात्र सरली, थंडी वाढली, तिसरे घेतले. मग भिक्षूंना तीन चीवरांची अनुज्ञा दिली. शिष्यांना किती थंडी सोसता येईल हे त्यांनी ग्रंथात शोधले नाही, कोणाला तपही सांगितले नाही. आपल्या अंगावर थंडी मोजली आणि तेवढे वस्त्र मंजूर केले. आमच्या खेड्यापाड्यांतल्या वसतिगृहांसाठी कांबळी मंजूर करणाऱ्यांनी एक रात्र तरी असे बसून पाहावे!

तेव्हा उन्हात बसून मन प्रसन्न होणे आणि थंडीने कुडकुडणाऱ्याला कांबळे मागण्याचा हक्क असणे, ह्यांत विरोध नाही. ज्याला ऊब म्हणजे काय हे कळले, त्यालाच दुसऱ्याच्या गारठ्याची किंमत कळते. पालीत कतञ्ञू ह्या शब्दाला जोडून दुसरा शब्द येतो, कतवेदी. घडलेले जाणणारा एवढेच पुरे नाही. ते ओळखून आपल्या वागण्यात उतरविणारा तो कतवेदी. जगात दोन माणसे दुर्मीळ, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे: पहिल्याने भले करणारा, आणि कृतज्ञ राहून ते वागण्यात दाखवणारा. सूर्याला तुम्ही परत काय देणार? त्याला काही लागत नाही. म्हणून ते देणे ज्याला लागते त्याच्याकडे वळते.

हिवाळ्यात ज्याला लागते तो कोण, हे शोधायला लांब जावे लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीड, लातूर, धाराशिव ह्या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. उसाच्या पाचटाच्या कोप्यांत त्यांचा हिवाळा जातो. पहाटे अंधारात, दवाने भिजलेल्या फडात नवरा-बायको कोयता घेऊन शिरतात; मूल फडाच्या कडेला चिंध्यांत गुंडाळलेले असते. त्या मुलालाही ऊन येईपर्यंत वाट पाहावी लागते. त्यात आपलीही नात्यागोत्याची माणसे आहेत. वर्षावासात धान्य जमवणारी आपली विहारे पौषात वाकळा जमवू लागली, तर प्रवचनाची गरज थोडी कमी होईल.

एक व्यावहारिक प्रश्न ह्याच दिवसांत हमखास येतो. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे येळवस असते. गाव ओस पडते, सगळे शेतात जातात. कडब्याची कोपी करतात, त्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून पुजतात, लक्ष्मी पुजतात, आणि मग पंगत बसते: भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. बौद्ध घरातली मुले विचारतात, आपण जायचे की नाही?

माझे मत असे. पूजेला बसू नये, नैवेद्य दाखवू नये. प्रतिज्ञा घेतली आहे ती दगडाला चुना लावून बाजूला ठेवण्याची वस्तू नव्हे. पण शेतात जायला, उन्हात बसायला, सोबत जेवायला कोणती प्रतिज्ञा आड येते? भज्जीतल्या तुरीला, हरभऱ्याला, पालेभाज्यांना कोणता देव चिकटलेला आहे? मित्राने बोलावले तर जावे, मानाने जावे, बांधावर बाजूला जेवायला बसवत असतील तर मात्र त्या क्षणी उठून यावे. आणि स्वतःचे शेत असेल तर त्याच दिवसांत आपल्या घरचे जेवण आपल्या बांधावर न्यावे, मुलांना पंगतीआधी त्रिसरण-पंचशील म्हणायला लावावे, मग भाकरी मोडण्यापूर्वी विचारावे: ही भाकरी कोणकोणामुळे येथवर आली? माती म्हणतील, पाणी म्हणतील, ऊन म्हणतील. नांगरणारा, खुरपणारी, दळणारी, थापणारी म्हणतील. एक मूल हमखास बैल म्हणते. यादी संपत नाही. प्रतीत्यसमुत्पाद शिकवायला फळा लागतोच असे नाही. असल्या यादीत देव कोठे येतो ते मुलांनाच शोधू द्यावे. माझ्या अनुभवात त्यांना तो सापडत नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही. काही बांधवांना हे माझे म्हणणे सैल वाटेल. त्यांचा कडकपणा मी समजू शकतो. माझ्या तरुणपणी मीही तसाच होतो आणि एका येळवशीला सख्ख्या मित्राचे आमंत्रण तोडून घरी बसलो होतो. त्या दिवशी मी धम्म पाळला असे मला वाटले. आज नक्की सांगता येत नाही.

गेल्या मार्गशीर्षात त्याच खेड्याला पुन्हा जाण्याचा योग आला. मुद्दाम सकाळची गाडी धरली. ऊन नुकतेच ओसरीवर उतरले होते. म्हातारी पायरीवर बसली होती, पायांवर नातीचे तान्हे मूल उताणे घेतलेले, आणि वाटीतले तेल तळहातावर घेऊन ती त्याच्या छातीला चोळत होती. दोन्ही हात कामात होते. मूल उन्हात डोळे बारीक करून पाय झाडत होते.

मी जवळ बसलो आणि म्हणालो, "मावशी, मागच्या खेपेला मी तुम्हाला हातांची सवय सोडायला सांगितलं. ते माझं चुकलं."

तिने मान वर केली नाही. तेल चोळता चोळताच म्हणाली, "मी कुठं ऐकलं व्हतं, गुरुजी? सरका जरा, पोराच्या अंगावर सावली येती तुमची."

मी सरकून बसलो.